कोरी पानं : ऊसतोडीच्या हंगामातल्या घरच्या अभ्यासाच्या नोंदी

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. तालुका धारूर, जिल्हा बीड. लेकरांची नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत. घरं खुणेनं ओळखायची: लिंबाचं घर, विहिरीचं घर, पत्र्याचं घर.

१६ ऑक्टोबर २०२३, सोमवार

काल घटस्थापना झाली. दसऱ्यानंतर टोळ्या हलतील. पट ३१. त्यातल्या १७ लेकरांचे आईबाप तोडीला जाणार. सहा जण लेकरं सोबत नेणार म्हणतात. त्यांची शिक्षण हमी कार्डं आजच भरून ठेवली, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता येईल. उरलेली ११ आजी-आजोबांकडे राहतील.

गेल्या हंगामात हीच गंमत झाली. दिवाळीला परिच्छेद वाचणारी पोरं पाडव्याला शब्दावर आली होती. शाळेत रोज येत होती, तरीही. घरी गेल्यावर दप्तर खुंटीला लागायचं ते सकाळी निघायचं. म्हणून यंदा कृतिसंशोधन घ्यायचं ठरवलं. शीर्षक 'स्थलांतरित पालकांच्या पाल्यांच्या गृहअध्ययनात आजी-आजोबांचे साहाय्य'. शीर्षक वाचून आमच्या बाई हसल्या. "आजीला सांगा हे, बघा काय म्हणते."

अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी पायरी लावून ११ जणांचं वाचन ऐकलं. गोष्ट २, परिच्छेद ३, शब्द ४, अक्षर २.

२ नोव्हेंबर, गुरुवार

आराखडा असा होता: पालकांचा व्हॉट्सॲप गट, रोज एक छोटा व्हिडिओ आणि एक स्वाध्याय. गट केला २८ तारखेला. ३० तारखेला बीडमध्ये जाळपोळ, संचारबंदी, पाठोपाठ इंटरनेट बंद. आज गट उघडून पाहिला तर वेगळंच कळलं. इंटरनेट असतं तरी काही होणार नव्हतं. गटात आहेत ते सगळे आईबाप, आणि ते फडावर. मोठ्या पडद्याचा फोन त्यांच्यासोबत गेलाय. घरी आजीजवळ बटनाचा मोबाईल, तोही 'हिरवं बटन दाबायचं' एवढ्यापुरता.

परवा सरकारनं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात धारूर आहे. घरी थांबून काही पिकायचं नव्हतंच. यंदा टोळ्या भराभर गेल्या. जे दोघं-तिघं मागं राहू म्हणत होते, त्यांनीही उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली.

व्हिडिओचा नाद सोडला.

२९ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येकाला १५ स्वाध्यायपत्रिकांचा गठ्ठा दिला होता. माझ्या खर्चानं झेरॉक्स. आज गोळा केल्या. ११ पैकी ९ गठ्ठे पूर्ण भरलेले! मी खूश. बाईंनी चार गठ्ठे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "सर, 'क्ष' बघा."

चारही गठ्ठ्यांत 'क्ष' एकाच हातचा. वळण देऊन, खाली शेपूट काढलेला. चौकशी केली. सातवीतला एक चुलतभाऊ, पन्नास बोरांना एक गठ्ठा असा भाव लावून सोडवून देत होता. त्याला बोलावलं. रागवायला गेलो आणि मलाच हसू आलं. त्याला म्हटलं, तुझी बेरीज सगळीकडे बरोबर आहे, पण दुसरीतल्या पोराच्या पत्रिकेत हातच्याची खूण केलीस, तिथं सापडलास.

पत्रिका बंद.

४ डिसेंबर, सोमवार

तीन दिवसांत नऊ घरं फिरलो. संध्याकाळी सहा ते आठ. शाळेच्या वेळेत आजी सापडत नाही, ती शेरडामागं असते.

सगळीकडे एकच उत्तर. "गुरुजी, मला काय कळतंय त्यातलं? म्या शाळंचं तोंड बघितलं न्हाई." हे ऐकून मी जे करायचो तेच पहिल्या दोन घरांत केलं: समजावलं. आजी, तुम्ही नुसतं लक्ष ठेवा, अभ्यासाला बसवा. आजी "हौ हौ" म्हणाली. त्या 'हौ'चा अर्थ 'चहा घ्या आणि जा' असा आहे, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं.

तिसरं घर विहिरीचं. चौथीतली पोर. आजोबा ओट्यावर सुतळी वळत बसलेले. वीसेक वर्षं टायरगाडीवर ऊस वाहिलाय, गुडघे गेले म्हणून आता घरी. मी काही न सांगता पोरीला म्हटलं, पुस्तक आण, वाच. तिनं धडा वाचला. आजोबांनी सुतळी थांबवली आणि विचारलं, "मंग त्या कोल्ह्यानं पाणी पिलं का न्हाई?" पोर अडली. तिनं ओळ वाचली होती, पण पाणी प्यायलं की नाही हे तिला माहीतच नव्हतं. परत मागं जाऊन वाचलं. "न्हाई पिलं, आबा."

वर्गात मी हा प्रश्न विचारतो तेव्हा तो परीक्षेचा असतो. आबांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

घरी येऊन आराखडा फाडला. आजी-आजोबांना शिकवायचं काम देण्यात अर्थ नाही. त्यांनी ऐकायचं आणि मनात येईल ते विचारायचं. वेळ चूल पेटल्यापासून भाकरी होईपर्यंत. तेवढा वेळ आजी एका जागी असते.

१३ डिसेंबर, बुधवार

लिंबाचं घर. दुसरीतला गडी. आजी भाकरी थापतेय, हा पाठ म्हणतोय. घडाघडा. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो, चांगलं वाटलं. तोच आजी म्हणाली, "थांब. हितं काय हाय?" आणि पिठाचं बोट पानावर मध्येच कुठंतरी टेकवलं. गडी गप्प. मग वरपासून म्हणत खाली आला, बोटापर्यंत पोचला आणि म्हणाला, "पाऊस."

म्हणजे पाठ आहे, वाचता येत नाही. मला हे वर्गात दीड महिना कळलं नव्हतं.

आजीला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? "अक्षर न्हाई येत मला. पर लेकरू आडखळलं तर कळतंय की. हे आडखळतच न्हवतं." म्हणजे अडखळत नाही हीच तिला शंका. आता त्याच्या मराठीच्या पुस्तकावर जागोजाग पिठाचे ठसे आहेत. मी वर्गात तेच सुरू केलंय, पिठाशिवाय.

२० डिसेंबर, बुधवार

याच गड्याचं गणित. त्रेचाळीस लिही म्हटलं की ३४ लिहितो. आपल्या बोलीत तीन आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर, तो ऐकलं तसं लिहितो. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. टीव्हीवर चर्चा, विनोद, मराठी बुडाली म्हणून ओरड. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या: जुनं काढलेलं नाही, लेकराला आकडा लिहिणं सोपं जावं म्हणून जोडीला हे दिलंय. यंदा जुलैमध्ये त्या गेल्या. २०१९च्या त्या गदारोळात मीही त्यांच्या विरोधात दोन वाक्यं कुठंतरी बोललो होतो, हे इथं लिहून ठेवतो.

आज आजीनं परातीत चिंचोके ओतले. मी म्हटलं, मोजा. ती मोजते विसानं. वीस झाले की एक चिंचोका बाजूला. शेवटी म्हणाली, "दोन इसा आन् तीन."

मी गड्याला म्हटलं, एका विसाचे दहाचे ढीग किती? दोन. दोन विसांचे? चार. चार ढीग आणि तीन सुटे. लिही. त्यानं ४ लिहिला, ३ लिहिला. मग मान वर करून म्हणाला, "हे तर त्रेचाळीस!" आजी म्हणाली, "मंग म्या काय म्हनले?"

पुढं दहा-बारा आकडे असेच. आजी विसात सांगते, तो ढिगात करतो, लिहितो, मग शाळेतलं नाव घेतो. पाच विसा झाल्यावर आजीनं थांबवलं. "शंभराच्या म्होरं चिंचोकं न्हाईत."

२८ डिसेंबर, गुरुवार

विहिरीचं घर. आज जे पाहिलं त्यासाठी वेगळी वही करायला हवी.

बाप सांगलीकडच्या एका कारखान्याला टायरगाडीवर आहे. गाडी काट्यावरून खाली झाली की वजनाची पावती मिळते. रात्री आठच्या सुमाराला तो फोन करतो. नेहमीचं बोलणं: जेवलीस का, आबाचा गुडघा कसाय, शेरडू व्यालं का. चार मिनिटांत संपतं. त्यात पोरीनं सोमवारी सहज विचारलं, "दादा, आज गाडी किती भरली?" आणि पाठ्यपुस्तकात लिहून ठेवलं. यंदापासून पुस्तकाचे चार भाग झालेत आणि धड्यामागं कोरी पानं आहेत, वर 'माझी नोंद' असं छापलेलं. काय नोंदवायचं हे आम्हा शिक्षकांनाच नीट उमगलेलं नाही. बहुतेक वर्गांत ती पानं कोरीच आहेत. हिनं त्यावर लिहिलंय:

सोमवार १ टन ९४० किलो
मंगळवार २ टन ८५० किलो
बुधवार १ टन ८७० किलो

मंगळवारचा आकडा आबांना खटकला. "दोन बैलांची गाडी, पावनेतीन टनाच्या वर? बैल मरंल की." परत फोन लावला. बापानं पावती वाचून दाखवली: दोन, टिंब, शून्य, आठ, पाच. म्हणजे २ टन ८५ किलो. पोरीनं शून्य ऐकलंच नव्हतं. शंभराच्या जागी शून्य नसला तर काय होतं हे मी तीन वर्षं फळ्यावर शिकवतोय. आबांनी ते बैलाच्या पाठीवर दाखवलं.

मग बेरीज. तिनं केली ४ टन १८९५ किलो. मी तोंड उघडणार तेवढ्यात आबा म्हणाले, "हजार भरलं की त्येचा टन झाला. तो उचलून तिकडं टाक." पोरीनं १ उचलून तिकडं टाकला. ५ टन ८९५.

'हातचा' हा शब्द मी उद्यापासून 'उचलून तिकडं टाक' असा शिकवणार आहे.

६ जानेवारी २०२४, शनिवार

ऊसतोड मजुरांच्या दरात ३४ टक्के वाढ ठरल्याची बातमी आली. सगळ्या घरात तीच चर्चा. चौथीच्या चौघांनी विचारलं, टक्के म्हणजे काय. हे चौथीला नाही. तरी घेतलं. आबांना शाळेत बोलावलं होतं, ते काठी टेकत आले. त्यांनी एका वाक्यात संपवलं: "शंभर मिळत व्हते, आता एकशेचौतीस." मग एकानं विचारलं, "दोनशे मिळत असले तर?" त्यावर वर्गात पाऊण तास गेला. पर्यवेक्षणाला कुणी आलं असतं तर माझ्या टाचणात त्या तासाला परिसर अभ्यास होता.

फोनवरून वजन लिहिणारी घरं आता चार झालीत. बाकीच्यांचे आईबाप ट्रॅक्टरच्या टोळीत आहेत, तिथं वजन सगळ्यांचं मिळून निघतं. ती पोरं मोळ्या लिहितात. एकीची आई रोज फोनवर मोळ्या सांगताना म्हणते म्हणे, "माझ्या लिही आधी, मग तुझ्या बापाच्या."

१६ जानेवारी, मंगळवार

पत्र्याचं घर बंद.

तिसरीतली पोर. आजी दम्याची. थोरली बहीण सातवीत, तीच घर बघायची. संक्रांतीला आई आली होती, दोन दिवस. जाताना तिसरीतलीला घेऊन गेली. तिथं धाकटं दहा महिन्यांचं आहे, त्याला कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, सांभाळायला कुणी नाही. आई फडात असताना लेकरू उसाच्या पाचटात झोपवतात, डिसेंबरात तिथं साप निघाला होता.

हमी कार्ड भरून थोरलीजवळ दिलं. ज्या गावाच्या शिवारात टोळी आहे तिथल्या शाळेत फोन केला. गुरुजी भले माणूस. म्हणाले, कोपीवर जाऊन बघतो. पण तिच्या कडेवर लेकरू असणार, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

या घरात मी तीनदा गेलो होतो. आजीला ऐकायला बसवलं होतं. तिला धापेमुळं बसवत नव्हतं. माझा सगळा उपक्रम घरात एक रिकामं, धडधाकट माणूस आहे असं धरून चाललाय. त्या घरात ते नव्हतं. अहवालात हे घर ११मधून वगळून १० दाखवावं असं क्षणभर मनात आलं. ११च लिहिलंय.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

२३ जानेवारीपासून मराठा सर्वेक्षण. दोघाही शिक्षकांना काम. दिवसभर दारोदार मोबाईल घेऊन लांबलचक प्रश्नावली, ॲप अडकतं, परत पहिल्यापासून. आज मुदत संपली. दहा दिवस शाळा नावापुरती. घरभेटी शून्य.

म्हणून आज चार घरांत डोकावलो. तिघांकडे वह्या भरलेल्या होत्या. चौथ्याची आजी यात्रेला गेलीय.

विहिरीच्या घरात तर एक दिवसही सुटलेला नाही. पोर म्हणाली, "तुम्ही आला न्हाई तरी दादाचा फोन येतोच की."

२४ फेब्रुवारी, शनिवार

जानेवारीत आलेल्या 'असर' या ग्रामीण शिक्षण पाहणीच्या अहवालाचं कात्रण बाईंनी आणून दिलं. १४ ते १८ वयातल्या साधारण चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर सरळ वाचता येत नाही. मला बोरांवाला सातवीतला आठवला. त्याचं वाचन कधी ऐकलं नव्हतं, सुंदर 'क्ष' बघून गृहीत धरलं होतं. आज ऐकलं. गोष्ट वाचतो, ठीक आहे. त्याला काम दिलं: ज्या दोन घरांत ऐकायला कुणी नाही तिथं संध्याकाळी जाऊन बसायचं. मोबदला विचारला त्यानं. बोरांचा हंगाम संपलाय. शाळेच्या ग्रंथपेटीतली पुस्तकं घरी नेण्यावर सौदा ठरला.

१७ मार्च, रविवार

आज नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चाचणी. राज्यभर पहिल्यांदाच. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. सकाळी दहा ते पाच या वेळात कधीही या आणि तीन तास लिहा. आमच्या शाळेत १४ जणांची नोंद, आले ९.

लिंबाच्या घरची आजी साडेअकराला आली, नातू सोबत. तो बाहेर खिडकीला लटकून बघत होता. आजीनं संख्याज्ञान आधी घेतलं. मोजायच्या चित्राखाली आकडा लिहायचा होता. ती बोटानं विसा घालत होती, ओठ हलत होते. मग नातवासारखं ढीग करून आकडा लिहिला. वाचनात अडली. खिडकीतून आवाज आला, "आजी, बोट ठेव बोट!" त्याला हाकलावं लागलं.

एकीनं सही येते तेवढी करून पेपर दिला आणि हरभरा काढायला गेली. जाताना म्हणाली, "उरलेलं उंद्या लिहिलं तर चालंल का?"

५ एप्रिल, शुक्रवार

११ जणांचं वाचन पुन्हा ऐकलं. खरं तर १०. गोष्ट ५, परिच्छेद ३, शब्द २. अक्षरावर कुणी नाही. पत्र्याच्या घरची अजून आलेली नाही, तिच्यापुढं ऑक्टोबरची पायरी लिहिली: शब्द. आकडे बरे आहेत, पण यातलं किती घरामुळं आणि किती वर्गामुळं, हे मला वेगळं काढता येणार नाही. वर्गातली माझीही पद्धत त्या आजीनं बदलली. कृतिसंशोधनात 'नियंत्रित गट' लागतो म्हणे. तो आणायचा कुठून?

१२ एप्रिल, शुक्रवार

मंगळवारी पाडवा झाला. टोळ्या आल्या. काल रात्री विहिरीच्या घरातून बोलावणं आलं. मला वाटलं जेवायला.

ओट्यावर मुकादम, बाप, आबा. उचल फिटली की नाही याचा हिशोब चालला होता. मुकादमाची लांब वही. पोर चौथीच्या पुस्तकांचे दोन भाग उघडून बसलेली. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुकादमाकडे ११ खेपा, २१ टन ९८५ किलो. हिच्याकडे १२ खेपा, २३ टन ८९५ किलो. फरक एका खेपेचा, १ टन ९१०.

मुकादम म्हणाला, लेकराची वही, दोनदा लिहिलं असंल. खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं. दिवे गेलेले, मी मोबाईलच्या उजेडात बाराही आकडे तपासले. कुठलाच आकडा दोनदा नव्हता. बेरीज दोनदा केली. शून्यही जागेवर होते. १ टन ९१० पुढं तिनं तेव्हाच बारीक अक्षरात लिहिलंय: 'आज काटा बंद होता. दादाचा फोन उशिरा. मी झोपले होते. आबांनी उठवलं.'

पावत्यांची पिशवी उलटी केली. बाकीच्या मिळाल्या, तीच नाही. आई म्हणाली, त्या रात्री दव लई होतं, कोपीत सगळं ओलं झालं होतं.

मुकादम बराच वेळ गप्प बसला. मग पानाचा फोटो काढला. म्हणाला, कारखान्यातून उतारा काढतो, मग बघू.

१६ एप्रिल, मंगळवार

कारखान्याचा उतारा अजून नाही. पत्र्याच्या घरची पोर काल आली. लेकरू कडेवर घेऊनच वर्गात बसली. बसू दिलं.

मला १३ मेच्या मतदानासाठी प्रशिक्षणाला बोलावलंय.

विहिरीच्या घरची म्हणाली, चौथ्या भागातली कोरी पानं संपली. आता दादा घरी आहे, फोन येणार नाही, मग काय लिहायचं? आबा म्हणाले, "विहिरीचं पानी किती परस खाली गेलं ते लिही रोज." तिला कपाटातली शंभर पानी वही दिली.